सनावळ्या पाठ नाहीत, म्हणून काय झालं?

प्रश्न : नातू दहावीत आहे. इतिहासातलं साल विचारलं की गप्प बसतो. या पिढीला इतिहास-नागरिकशास्त्राचं काहीच पडलेलं नाही का?
– एक आजोबा, चांदे (ता. मुळशी)

उत्तर : आजोबा, काळजी नको. सनावळ्या न येणं म्हणजे जाण नसणं नव्हे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तुमच्याच तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. नातवाला मुळशी धरण दाखवा. जमिनी कुणाच्या बुडाल्या, वीज कुठे गेली, हे त्यालाच शोधू द्या. मोबाइलवर फिरणारा मजकूर मात्र पुस्तकाशी ताडून पाहायला लावा. ग्रामसभेलाही सोबत न्या. मतदार यादीत नाव लागेपर्यंत त्याला मत देता येणार नाही, पण गावच्या खर्चाचा हिशेब कसा मागतात, ते समजेल. घरी उलटतपासणी टाळा, गप्पा मारा.