कंपनीतील सुरक्षा अधिकाऱ्याचे काम



कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे माणसे, माल, माहिती आणि इमारत या चारही गोष्टी सोपवलेल्या असतात. अडचणीच्या वेळी पहिला विचार माणसांचाच करावा लागतो. चोर पकडण्याचे प्रसंग थोडे येतात. नोकरीची बरीचशी वर्षे तपासणी, नोंदी आणि सराव यांतच जातात.

कामाची सुरुवात गेटवर होते. गेटपासवरची सही नमुना सहीशी ताडून पाहावी, नग स्वतः मोजावेत, परत येणाऱ्या मालाची तारीख रजिस्टरमध्ये घालावी, मगच गाडी सोडावी. एखाद्या साहेबाची गाडी न तपासता सोडली, तर उद्या दुसऱ्या कोणाला अडवताना गार्डची जीभ रेटत नाही. म्हणून नियम वरपासून खालपर्यंत एकच असावा. पाळी बदलताना किल्ल्या, रजिस्टर आणि अपुरी कामे समोरासमोर सोपवावीत.

2005 च्या कायद्यानुसार खासगी सुरक्षा एजन्सीला परवाना लागतो. गार्डचे प्रशिक्षण आणि चारित्र्य पडताळणीही बंधनकारक आहे. ही कागदपत्रे अधिकाऱ्याने स्वतः पाहावीत. गार्डला वेळेवर पगार, पिण्याचे पाणी आणि सुटीला बदली माणूस मिळतो का, हेही पाहावे. सलग दोन पाळ्या केलेला माणूस पहाटे जागरूक राहू शकत नाही.

महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. एवढ्यावर समाधान मानू नये. जिन्यात रचलेले खोके आणि संकटकालीन दाराला घातलेले कुलूप प्रत्यक्ष फिरल्याशिवाय दिसत नाहीत.

सरावाचे मोल न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये दिसले. तिथे डीन विटर आणि पुढे मॉर्गन स्टॅन्ली या वित्तीय कंपन्यांची सुरक्षा सांभाळणारे रिक रेस्कॉर्ला यांनी तळघरातल्या पार्किंगमधून हल्ल्याचा धोका आधीच सांगितला होता. फेब्रुवारी 1993 मध्ये तिथेच स्फोट झाला. त्यानंतर त्यांनी मोठ्या अधिकाऱ्यांसकट सगळ्यांना वरचेवर जिन्याने उतरण्याचा सराव करायला लावला. कामाचा खोळंबा होतो, अशी कुरकुर झाली, तरी तो चालूच राहिला. 11 सप्टेंबर 2001 रोजी त्यांच्या शेजारच्या टॉवरवर विमान आदळले. जागेवरच थांबा, अशी घोषणा झाली असतानाही रेस्कॉर्लांनी माणसे खाली काढायला सुरुवात केली. कंपनीचे सुमारे 2,700 कर्मचारी वाचले. मागे राहिलेल्यांना आणायला वर गेलेले रेस्कॉर्ला मात्र परतले नाहीत.

असा सराव प्रत्येक कचेरीत करता येतो. कोणत्या मजल्याला किती वेळ लागला, गर्दी कुठे अडली आणि जागेवरून कोण उठलेच नाही, हे त्याच दिवशी लिहून व्यवस्थापनापुढे ठेवावे आणि पुढच्या सरावाची तारीख ठरवून घ्यावी.