गंज पुसला, नाव गेलं

दसऱ्याला आमच्या अमरावतीच्या घरी पाटावर विळा, कुऱ्हाड, आईची शिवणकामाची कात्री आणि थोरल्या आबांची तलवार अशी रांग लागते. सगळ्यांना ओलं हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. थोरले आबा म्हणजे वडिलांचे काका. मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आले तेव्हा तलवार त्यांच्या वळकटीत होती. "जपान्याची हाय, तिले हात नोका लावू," एवढंच सांगायचे. बाकीची कथा आम्ही पोट्ट्यांनीच रचली: आबांनी जपानी अधिकाऱ्याला लोळवलं आणि तलवार हिसकली.

आबा गेले, तलवार माझ्याकडे आली. पात्यावर कुंकवाच्या जागी तांबेरा चढला होता, मुठीला एक मळकी चिंधी बांधलेली. तिच्यावर शाईचे फिकट फराटे होते. मी ती कापून केरात टाकली. मग तलवार चादरीत गुंडाळून एसटीने अकोल्याला नेली. तिथे मेव्हण्याच्या ओळखीचा धारवाला होता. त्याने मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ ओढली. आतला भाग काळाकुट्ट निघाला. "हे आतून सडून रायली भाऊ. चमकवू का?" मी म्हटलं, "चमकव." चूक त्याची नाही, माझी. टोकाकडून सुरुवात करून त्याने ग्राइंडर फिरवला. दहा मिनिटांत अर्धा भाग ताटासारखा लखलखला. वरच्या बाजूला काही अक्षरं दिसली म्हणून तो थांबला, नाहीतर तीही गेली असती.

दिवाळीत भाची आली. पुण्यात जपानी शिकते. उरलेली अक्षरं तिने वाचली: "बिशू ओसाफुने". बिशू म्हणजे बिझेन प्रांत, आजचं ओकायामा. ओसाफुने हे तिथलं तलवारी घडवणाऱ्यांचं शेकडो वर्षांचं गाव. गावाच्या खाली कारागिराचं नाव असतं. "नाव कुठाय मामा?" मी ग्राइंडर आठवून गप्प बसलो.

नंतर वाचत गेलो तसा माझा मूर्खपणा उलगडत गेला. मुठीत लपणाऱ्या या भागाला जपानीत नाकागो म्हणतात. त्याच्यावरचा गंज ही घाण नसते, ते तलवारीचं वय असतं. नामवंत कारागिरांची खोटी नावं कोरायची चाल तिथे जुनीच. नाव खरं की खोटं हे ठरवताना अक्षरांच्या खाचेतला गंज भोवतीच्या गंजाइतकाच जुना आहे का, हे बघतात. मी नाव तर घालवलंच, अर्ध्या भागावरचा तो पुरावाही घासून टाकला.

आमच्या तलवारीचं वेगळेपण तिच्या पोशाखात होतं. बाहेरून ती सरळ लष्करी: चेरीची फुलं कोरलेला पितळी साज, म्यानावर कातडी खोळ. पण नाकागोला दोन भोकं, त्यातलं एकच मुठीच्या भोकाशी जुळणारं. म्हणजे पातं आधी दुसऱ्या मुठीत राहून आलेलं. जपानी अधिकारी तलवार स्वतःच्या पैशाने घेत. कित्येकांनी घरातलं जुनं पातं लष्करी साजात बसवून नेलं. साज विसाव्या शतकातला, पातं मात्र कितीतरी जुनं, असं होऊ शकतं.

तुमच्या माळ्यावर अशी तलवार असेल तर आधी एवढं बघा. मूठ धातूची ओतीव, त्यावर वेटाळ्यांची नुसती नक्कल, पात्यावर मुठीजवळ आकडा ठोकलेला, तर ती १९३५ च्या नमुन्याची, हवालदार दर्जाच्या सैनिकांना सरकारने दिलेली कारखान्यातली तलवार. मुठीवर माशाचं खरखरीत कातडं आणि खरी दोरी असेल तर बहुधा अधिकाऱ्याची. म्यानाला अडकवायच्या कड्या दोन असतील तर १९३४ चा नमुना, एक असेल तर १९३८ चा. नौदलाच्या तलवारीलाही कड्या दोनच. नाकागोवर शोवा सन कोरलेला असेल तर त्यात १९२५ मिळवा. शोवा १७ म्हणजे १९४२. चांदणीचा छोटा शिक्का दिसला तर पातं लष्कराच्या मान्यताप्राप्त कारागिराचं.

हात लावण्याआधी फोटो काढा: दोन्ही बाजू, नाकागो, शिक्के, म्यान आणि तिला बांधलेली प्रत्येक चिंधी. खुंटी सहज निघाली तर ठीक, अडली तर ठोकू नका. पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात पुरे, नाकागोला तोही नको. लिंबू, चिंच, राख, पॉलिश पेपर यांना स्वयंपाकघरात आणि गॅरेजमध्येच राहू द्या.

कायद्याचंही भान ठेवा. शस्त्र कायदा, १९५९ खाली नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार शस्त्रांत मोजली जाते. पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा आदेश जिल्ह्यात लागू असला की ती घेऊन रस्त्यावर फिरणं हा गुन्हा ठरतो. मी एसटीतून चादरीत नेली, तुम्ही नेऊ नका. आधी पोलीस ठाण्यात विचारा. शंभर वर्षांहून जुनं पातं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परस्पर परदेशी पाठवता येत नाही.

राहिली चिंधी. १९४५ मध्ये जपान शरण आला तेव्हा अधिकाऱ्यांनी आपल्या सैनिकांसमोर तलवारी उतरवून द्याव्यात, असा माउंटबॅटन यांचा हुकूम होता. अशा तलवारींना मालकाच्या नावाच्या चिठ्ठ्या, चिंध्या बांधलेल्या सापडतात. आमची चिंधी तसलीच असेल तर आबांनी कोणाला लोळवलं नव्हतं. कोणीतरी मान खाली घालून ती देऊन गेला होता. म्हणूनच कदाचित आबा जास्त बोलत नसत. आता विचारायला आबा नाहीत आणि वाचायला चिंधी नाही.

यंदा दसऱ्याला तलवार म्यानातच ठेवली. आईने हटकलं, "कुंकू नाई लावत का रे तिले?"

"लावतो न आई. पाटाले लावतो."