डोळ्यांचा रंग कोणी ठरवला?

कळंब्याच्या आमच्या घरी गोष्टीची पुस्तके विकत आणण्याची रीत नव्हती. चित्रकथा आल्या त्या रद्दीवाल्याकडून, वजनावर. यंदाच्या सुट्टीत तो जुना गठ्ठा सोडला आणि एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. राजा असो, ऋषी असो वा चोर असो, माझ्याजवळच्या अंकांत सर्वांचे डोळे काळेच! घारा डोळा एकाही पानावर सापडेना. आपल्याकडे तर घाऱ्या डोळ्यांवरून माणूस ओळखतात. मग चित्रकारांना असे डोळे कधी दिसलेच नसतील काय?

भिंग घेऊन पाने पाहिली तेव्हा उलगडा होऊ लागला. सलग वाटणारा रंग म्हणजे ठिपक्यांची रांगोळी होती.

रंगीत छपाईत निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात आणि प्रत्येकीची प्लेट वेगळी. फिकट छटा हवी असल्यास शाई पातळ करीत नाहीत, जाळीच्या साहाय्याने तिचे बारीक ठिपके पाडतात. वर्तमानपत्री कागद शाई शोषतो व ठिपका पसरतो, म्हणून अशा कागदासाठी जाळी जाड ठेवीत, इंचाला सुमारे 65 ओळींची. म्हणजे दोन ठिपक्यांत सुमारे 0.4 मिलिमीटर अंतर. चौकटीतल्या माणसाचे बुबुळ जेमतेम 1 मिलिमीटरचे. त्यात आडवे दोन-तीन ठिपके मावणार. त्यांतून घारी छटा उमटावी कशी? शिवाय पिंगट रंगासाठी एकाहून अधिक शाया एकमेकींवर अचूक बसाव्या लागतात. प्लेट अर्धा मिलिमीटर सरकली, तरी डोळ्याचा रंग गालावर जातो. काळ्या शाईला ही भीती नाही. पापणी, भुवई आणि बुबुळ एकाच प्लेटवर असल्याने सरकले तर सारे मिळूनच सरकते. तेव्हा काळा डोळा हाच बिनधोक डोळा.

ही अडचण केवळ आपलीच नव्हती. अमेरिकेतील जुन्या चित्रकथांत तीन रंगीत शाया 25, 50 व 100 टक्के अशा प्रमाणांत वापरीत. कोरी जागा धरून हिशेब केला, तर एकूण 64 रंग होतात. 1962 साली तिथे अवतरलेला हल्क पहिल्या अंकात करडा होता. तो करडा रंग सारखा छापला जाईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला. आपल्याकडे अनंत पै यांनी 1967 साली अमर चित्र कथा सुरू केली, तेव्हा खर्चापायी सुरुवातीचे अंक पूर्ण रंगीत नव्हते. पिवळा, निळा आणि हिरवा यांवरच भागवावे लागले.

पण सारेच छापखान्याच्या माथी मारता येणार नाही. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाच्या मुखवट्याआड बुबुळेच नसतात. ती यंत्राची अडचण नव्हे. त्याचा जनक ली फॉक याला ही कल्पना ग्रीक पुतळ्यांच्या बुबुळविरहित डोळ्यांवरून सुचली.

इथे मला दुसरा प्रश्न पडला. चौथीत असताना मी स्वतःचे चित्र काढले आणि अंग गुलाबी रंगवले. मी सावळा आहे. खडूच्या पेटीत तपकिरी खडू होता, तरी तो हातात घेतला नाही. या गठ्ठ्यातही नायक-नायिकांची अंगे बहुधा गोरी, राम-कृष्ण निळे आणि राक्षस तपकिरी वा काळेकुट्ट. सावळा रंग छापखान्याला जमत नव्हता म्हणावे, तर राक्षसांच्या अंगावर तो नेमका जमला आहे! अंग म्हणजे काही 1 मिलिमीटरचे बुबुळ नव्हे. तिथे ठिपक्यांना हवी तेवढी जागा असते.

म्हणून मला वाटते, जुनी चित्रे पाहताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. जे यंत्राला जमत नव्हते, त्याबद्दल चित्रकाराला दोष देऊ नये. आणि जे यंत्राला जमत होते, त्याची जबाबदारी यंत्रावर ढकलू नये. डोळ्यांचा रंग छापखान्याने ठरवला. कातडीचा रंग माणसांनी ठरवला, आणि चौथीतल्या त्या चित्रात तो मीही ठरवला होता.