जीपगाडीच्या डिफरन्शियलची घरच्या घरी फेरजोडणी

ओढ्यातून, चिखलातून व घाटातील कच्च्या वाटेने शेतमाल बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्यास चारही चाकांना गती देणारी जीप फार उपयोगी पडते. अनेक शेतांवर आजही जुन्या जीपगाड्या राबत आहेत. अशा गाडीचा मागील आस घोंगावू लागला तरी ‘चालते आहे तोवर चालवू’ असे म्हणून पुष्कळदा दुर्लक्ष होते. तुटलेला दात दंतचक्रांत अडकल्यास चाके एकाएकी जखडतात. उतारावर असे घडल्यास जिवावर बेतते.

रचना

डिफरन्शियलची कामे दोन. इंजिनाकडून आलेली गती काटकोनात वळवून मंद करणे हे पहिले. मूळ सीजे-३बी जीपमध्ये पिनियनला ८ व क्राऊनचाकाला ४३ दात असतात. म्हणजे पिनियनच्या सुमारे ५.३८ फेऱ्यांत क्राऊनचा एक फेरा होतो. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर तोडावे लागते. दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देणे हे दुसरे काम आतील लहान दंतचक्रे करतात. पुढील व मागील आसांचे गुणोत्तर एकच असले पाहिजे.

दोषाची ओळख

गाडी ओढीवर असताना घोंगावते व ॲक्सिलरेटर सोडताच आवाज बदलतो, तेव्हा बहुधा क्राऊन-पिनियन झिजलेले असते. आवाज केवळ वळणावर येत असल्यास लहान दंतचक्रे तपासावीत. सतत घरघर होत असल्यास बेअरिंगकडे लक्ष द्यावे. तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे.

उकलण्याची रीत

गाडी सपाट जागी उभी करून जमिनीवरील चाकांना उटी लावावी. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये. मजबूत घोड्या लावाव्यात. तेल काढून झाकण उघडावे. काहीही सोडविण्यापूर्वी दातांमधील मोकळीक मोजून लिहून ठेवावी. बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशी खूण करावी, कारण त्यांची अदलाबदल चालत नाही. दोन्ही बाजूंचे अर्धे आस बाहेर ओढल्यावरच मधला गाडा निघतो. शिम म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या. त्या जागेनुसार वेगवेगळ्या दोऱ्यांत ओवून चिठ्ठी बांधावी. सर्व भाग रॉकेलने धुऊन स्वच्छ कापडावर मांडावेत. बेअरिंग दाबून काढणे-बसविणे हे काम तालुक्याच्या कारखान्यातून करवून घ्यावे. घरी घणाचे ठोके घालू नयेत.

जुळवणी

क्राऊन व पिनियन यांची जोडी कारखान्यात एकत्र जुळविलेली असते. म्हणून एकच भाग बदलणे ही काटकसर नसून नुकसान होय. जोडणीनंतर दातांमधील मोकळीक डायल गेजने क्राऊनच्या तीन-चार ठिकाणी मोजावी. या जातीच्या आसांत ती साधारणतः ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर असावी. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

यानंतर क्राऊनच्या काही दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून चाक फिरवावे. दाताच्या मध्यावर उमटलेला ठसा योग्य होय. ठसा दाताच्या बाहेरील रुंद टोकाकडे असल्यास क्राऊन पिनियनजवळ आणावे. आतील अरुंद टोकाकडे असल्यास दूर न्यावे. ठसा माथ्यावर उमटल्यास पिनियन आत सरकवावे, बुडाशी उमटल्यास बाहेर घ्यावे. प्रत्येक बदलानंतर मोकळीक पुन्हा मोजावी. शेंदरात शिसे असते. मुलांना दूर ठेवावे व काम संपताच हात साबणाने धुवावेत.

नंतरची निगा

पुस्तिकेत सांगितलेले गिअर तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरावे. नवी जोडी बसविल्यास आरंभी ओझे न लादता थोडे अंतर चालवावे व आस तापतो का ते हाताने पाहावे. सुमारे ८०० किलोमीटरनंतर तेल बदलावे. आसावरील श्वासनळी मोकळी ठेवावी. ती तुंबली की तेल सीलमधून बाहेर पडते आणि ओढा ओलांडताना पाणी आत ओढले जाते. कोरड्या, कठीण रस्त्यावर चारही चाकांची गती जोडू नये. त्यामुळे दोन्ही आसांवर व्यर्थ ताण पडतो.

या कामात बळापेक्षा स्वच्छता व मोजमाप यांस अधिक महत्त्व आहे. ज्याच्या वहीत शिमांची जाडी लिहिलेली असेल, त्यालाच पुढील फेरजोडणी सोपी जाईल.