बुलेट आणि जावा

मुलांनो, आपल्या औशाच्या रस्त्याने जुनी बुलेट किंवा जुनी जावा गेली, तर ती नुसत्या आवाजावरून ओळखता येते. बुलेट मूळची इंग्लंडची. १९५५ साली तिच्यासाठी मद्रासला कंपनी निघाली. जावा चेकोस्लोव्हाकियाची, १९६१ पासून ती म्हैसूरला तयार होऊ लागली.

बुलेटच्या इंजिनात दट्ट्याच्या चार धावांत एकदा इंधन पेटते, तर जावाच्या इंजिनात दोनच धावांत. म्हणून बुलेटचा ठोका संथ आणि जावाचा जलद. जावाच्या इंजिनाला झडपा नसतात, त्यामुळे त्याची रचना सोपी. परंतु पेट्रोलात तेल मिसळावे लागते व धूर अधिक होतो. बुलेटचा धूर कमी, पण रचना गुंतागुंतीची.

तेव्हा कोणती श्रेष्ठ, हे ठरविण्यापूर्वी दोन्हींचे गुणदोष समजून घ्यावेत.