‘कसं वाटलं?’ असं विचारू नका

मास कॉमच्या शेवटच्या वर्षी आमच्या ग्रुपने कोल्हापुरात एक म्युझिक व्हिडिओ केला. गाणं आमच्यातल्याच एकाचं, चाल दुसऱ्याची, शूटिंग एसटी स्टँडवर आणि एका मित्राच्या गावच्या घरी. गोष्ट म्हटली तर एवढीशी: नर्सिंग शिकायला शहरात निघालेली मुलगी आणि तिला गाडीत बसवून द्यायला आलेला तिचा भाऊ. व्हिडिओसोबत प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचा अहवाल जोडायचा होता, त्याला वेगळे गुण होते. मग काय, गूगल फॉर्म केला आणि लिंक व्हॉट्सॲपच्या दिसेल त्या ग्रुपवर टाकली. उत्तरं धडाधड आली. सरासरी पाचपैकी साडेचारच्या वर. ‘नादखुळा’, ‘एक नंबर’, ‘पार्टी कधी?’ असे शेरे. ‘गोष्ट कळली का?’ या प्रश्नाला तर जवळपास सगळ्यांचं ‘हो’.

मेसच्या मावशींना फॉर्म वगैरे भानगड माहीत नव्हती. त्यांनी पिठाचे हात पदराला पुसून माझ्या फोनवर व्हिडिओ पाहिला आणि म्हणाल्या, “पोरगं चांगलं दिसतंय की रे. मग त्याला टाकून का चालली ही?”

“मावशी, भाऊ आहे तो तिचा.”

“व्हय? मग तसं दाखवायचं न्हवं का!”

आम्ही फॉर्म भरलेल्या काही जणांना गाठलं आणि या वेळी नुसतं विचारलं, ‘तो मुलगा कोण?’ निम्म्यांनी त्याला तिचा प्रियकर ठरवलं होतं. खोटं कोणीच बोललं नव्हतं. प्रत्येकाला गोष्ट कळलीच होती, फक्त ती आमची नव्हती.

आता कॉलेजची पोरं रफ कट घेऊन येतात, तेव्हा त्यांना पहिली गोष्ट हीच सांगतो. ‘कळलं का’, ‘आवडलं का’, ‘एडिटिंग छान वाटलं का’ हे सगळे प्रश्न स्वतःसोबतच उत्तर घेऊन येतात. आपल्याकडे तोंडावर ‘नाही आवडलं’ म्हणण्याची रीत नाही, त्यातून समोर मित्राचा मुलगा किंवा आत्याची लेक उभी. त्यापेक्षा म्हणा, ‘काय घडलं ते तुझ्या शब्दांत सांग.’ दुसऱ्या दिवशी विचारा, ‘त्यातलं काय आठवतंय?’ आम्हाला आमच्या सूर्यास्ताच्या शॉटचा फार अभिमान होता. तो एकालाही आठवला नाही. लोकांना आठवली ती गाडी सुटताना खिडकीतून आत दिलेली पाण्याची बाटली.

विचारण्याच्याही आधी बघा. व्हिडिओ लावून स्क्रीनकडे टक लावून बसू नका. तुम्ही तो शंभरदा पाहिलाय. बाजूला अशा जागी बसा की बघणाऱ्यांचे चेहरे दिसतील, आणि हातात कागद ठेवा. कोणाचा हात कितव्या सेकंदाला खिशातल्या फोनकडे गेला, कोण शेजाऱ्याशी बोललं, कुठे पाय ठेका धरू लागला, एवढंच टिपा. ‘मस्त होतं रे’ म्हणणाऱ्याने मधल्या कडव्यात रील पाहिलेलं असतं, आणि ते तो तुम्हाला कधीच सांगणार नाही. सुरुवातीला प्रस्तावनाही करू नका. ‘हे अजून कच्चं आहे, कलर करेक्शन बाकी आहे, आणि ती त्याची बहीण आहे बरं का’ एवढं ऐकवल्यावर त्या प्रेक्षकाकडून काय शिकणार? व्हिडिओ यूट्यूबवर जाईल तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारी उभे नसणार.

वर्गात एकत्र दाखवायचा असेल, तर चर्चेआधी प्रत्येकाला चार ओळी लिहायला लावा. आमच्या खेळानंतर पहिल्यांदा एक सर बोलले, त्यांना गाण्याची सुरुवात ‘थोडी संथ’ वाटली. त्यानंतर उठलेल्या प्रत्येकाला ती संथच वाटली.

याच खेळात दुसरा घोटाळा झाला, आणि तो फॉर्मपेक्षा महागात पडला. चित्र प्रोजेक्टरवर आणि आवाज ब्लूटूथ स्पीकरवर होता. लोकांनी एकमुखाने सांगितलं, लिपसिंक चुकलंय, ओठ आधी हलतात. आमच्या एडिटरने रात्र जागून गाण्याचा ट्रॅक काही फ्रेम पुढे ओढला. सकाळी साध्या इयरफोनवर पाहिलं तर शब्द ओठांच्या आधी. ब्लूटूथवर आवाज पोहोचायला वेळ लागतो. शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो, आणि प्रत्येक प्लेअर तो भरून काढतोच असं नाही. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला खटकू लागतं, पण मागे पडला तर १२५ पर्यंत खपून जातं. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो याची कानांना सवय आहे, उलट्याची नाही. म्हणजे आम्ही व्हिडिओत नसलेली चूक दुरुस्त करायला गेलो आणि जे हमखास खटकतं ते करून बसलो. तेव्हा प्रतिक्रिया घेताना वायरचा स्पीकर लावा, आणि कोणी कशावर पाहिलं याची नोंद ठेवा. फोनच्या स्पीकरवर ढोलाचा खालचा ठोका ऐकूच येत नाही. मग ‘गाण्यात दम नाही’ हा शेरा गाण्याबद्दल आहे की स्पीकरबद्दल, हे कसं ठरवणार?

कोणाला दाखवता यानेही शेरा बदलतो. ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’चा चाचणी खेळ मार्च १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे झाला. प्रेक्षक आले होते ‘द फ्लीट्स इन’ हा हलकाफुलका संगीतपट बघायला. त्यांना वेल्सचा गंभीर चित्रपट सोसला नाही, टिंगल झाली. त्यानंतर पॅसाडिना इथला खेळ बरा गेला होता, तरी स्टुडिओने चाळीस मिनिटांहून अधिक भाग कापला आणि शेवट नव्याने चित्रित केला. कापलेलं पुन्हा कधी मिळालं नाही. तुमचं गाणं रॅप असेल तर रॅप ऐकणारी पोरं शोधा. भजनी मंडळातल्या काकांचं मत आदराने ऐका, पण टाइमलाइन उघडू नका.

आणि सगळी माणसं एकदम खर्च करू नका. प्रत्येक जण पहिल्यांदा एकदाच बघतो. पहिल्या कटला चार-पाच जण पुरतात, बाकीचे पुढच्या कटसाठी राखून ठेवा. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ टाकून लिंक वाटली तर पुरेसे व्ह्यूज झाल्यावर प्रेक्षक कुठे गळतात याचा आलेख मिळतो. त्यात एखाद्या ठिकाणी उंचवटा दिसला म्हणून लगेच पाठ थोपटून घेऊ नका. लोक कधी आवडलं म्हणून मागे जातात, कधी शब्द कळला नाही म्हणून.

भावाच्या घोळावर लोकांनी उपायही सुचवले. नावाची पट्टी टाका, गाण्यात ‘दादा’ शब्द घाला, हातावर राखी दाखवा. दुखतंय कुठे हे प्रेक्षकाइतकं नेमकं कोणी सांगत नाही, पण औषध त्याच्याकडून घेऊ नये. आमच्या एडिटरला फुटेजमध्ये दोन सेकंदांचा एक शॉट सापडला, वेग मंदावतो म्हणून काढून टाकलेला: चुलीपुढे दोघं एकाच ताटात जेवतायत, आई भाकरी वाढतेय आणि तो तिच्या पुढ्यातला कांदा पळवतोय. तो आम्ही पहिल्या कडव्याच्या आधी बसवला. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी पाहिलं, त्यांच्यातल्या कोणालाही तो प्रियकर वाटला नाही.

अहवालात मात्र आम्ही न ऐकलेल्या सूचनाही लिहिल्या, कारणांसकट. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी सरासरीचं पान न बघताच उलटलं आणि थेट तिथेच बोट ठेवलं, “खिडकीचा शॉट लांबतो असं बऱ्याच जणांनी म्हटलंय. का नाही कापला?” एडिटर म्हणाला, “मॅडम, लांबतो म्हणाले, पण बघताना त्या शॉटला एकानेही मान वळवली नव्हती.” त्यांनी कागद मागितला. कोण कितव्या सेकंदाला हललं हे चेहऱ्यांकडे बघून टिपलेलं ते चुरगळलेलं पान नशिबाने फाइलमध्येच होतं.