आहारद्रव्याचा ‘देश’ : किनोआ, राजगिरा आणि खानदेशची बाजरी

प्रस्तावना

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहाराचा हितकर वा अहितकर परिणाम ज्या आठ भावांवर अवलंबून असतो, त्यांची गणना केली आहे : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. विद्यार्थिदशेत ही नावे आपण सर्वांनीच मुखोद्गत केली आहेत. चिकित्सालयात पथ्य सांगताना मात्र आपण बहुधा प्रकृती आणि राशी यांच्यापाशीच थांबतो. ‘बाजरीची भाकरी घ्या’, ‘राजगिरा खा’ आणि अलीकडे ‘किनोआ चालेल’ असे सांगून आपण पुढील रुग्णाकडे वळतो. देश या शब्दाने रुग्णाचा निवास एवढाच अर्थ आपण धरतो. वस्तुतः द्रव्य कोठे उत्पन्न झाले आणि कोठून कोठे नेले गेले, हेही देशविचारातच येते. सुश्रुताचार्यांनी तर भूमीच्या परीक्षणासाठी सूत्रस्थानात स्वतंत्र अध्याय योजला आहे.

प्रस्तुत लेखात हा देशविचार दाण्यातील खनिजांच्या संदर्भात तपासावयाचा आहे. निमित्त किनोआचे असले, तरी प्रयोजन जळगाव-धुळे परिसरातील पांडुरोगी रुग्णाला आपण देत असलेल्या आहारोपदेशाचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. त्यामुळे हा उपदेश अचूक असणे अगत्याचे आहे.

एक धान्य, दोन कोष्टके

किनोआ हे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशाचे धान्य. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ हे वर्ष किनोआवर्ष म्हणून पाळले आणि त्यानंतर आपल्या शहरांतील दुकानांतही ते दिसू लागले. नाव परके असले तरी त्याचे कुल आपल्याला परिचित आहे. रब्बीच्या शेतात आपोआप उगवणारा चाकवत, म्हणजेच संहितांतील वास्तुक, हा किनोआचा अगदी जवळचा आप्त होय. राजगिराही त्याच विस्तृत कुलातील. उपवासाच्या ताटात मानाने बसलेला हा राजगिरासुद्धा मूळचा अमेरिका खंडातीलच, हे लक्षात घेतले म्हणजे परदेशी द्रव्य कालांतराने सात्म्य कसे होते याचे उदाहरण मिळते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या कोष्टकात १०० ग्रॅम किनोआत कॅल्शियम १९८ मि.ग्रॅ. व लोह सुमारे ७.५ मि.ग्रॅ. दिले आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकात त्याच धान्यात कॅल्शियम ४७ मि.ग्रॅ. व लोह सुमारे ४.६ मि.ग्रॅ. आहे. कॅल्शियममध्ये चौपटीहून अधिक अंतर पडले. जस्त मात्र अनुक्रमे ३.३ आणि ३.१ मि.ग्रॅ., म्हणजे जवळजवळ समान. दोन्ही कोष्टके अधिकृत आहेत. वाण, माती, पाणी, दाणे धुण्याची व सडण्याची रीत आणि परीक्षणाची पद्धत यांनुसार आकडे बदलतात. कोष्टकातील आकडा हा तपासलेल्या नमुन्यांचा असतो. आपल्या रुग्णाच्या ताटातील दाण्याचा तो असेलच असे नाही.

मातीतून दाण्यापर्यंतचा मार्ग

हे अंतर का पडते, हे समजण्यासाठी खनिजाचा प्रवास पाहणे आवश्यक आहे. या प्रवासात तीन उंबरठे आहेत.

पहिला उंबरठा मुळापाशी. मातीत खनिज असणे वेगळे आणि ते वनस्पतीला उपलब्ध होणे वेगळे. मातीचा सामू एका अंकाने वाढला की लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने व जस्ताची सुमारे शंभरपटीने घटते. शिवाय कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्याच्या ओघाबरोबर मुळापर्यंत वाहत येतात, तर जस्त व स्फुरद यांना मातीतील ओलाव्याच्या पातळ थरातून हळूहळू सरकत यावे लागते. म्हणून पावसाने ओढ दिली की या दुसऱ्या गटाची वाट प्रथम अडते. स्फुरदाचे खत अतिरिक्त झाले तरी जस्ताच्या शोषणात बाधा येते.

दुसरा उंबरठा पानापासून दाण्यापर्यंत. कॅल्शियम मुळाकडून वर जाणाऱ्या रसाबरोबर पानात पोहोचते आणि तेथेच साठते. पानाकडून दाण्याकडे अन्न नेणाऱ्या वाहिन्यांतून ते फारच थोडे जाते. पोटॅशियम, मॅग्नेशियम, स्फुरद हे या वाहिन्यांतून सहज जातात, जस्तही बऱ्यापैकी जाते. चाकवताची भाजी आणि किनोआचा दाणा एकाच गोत्रातील असूनही त्यांचे खनिजगुण सारखे नसतात, याचे एक कारण येथे आहे. वनस्पतीचे अंग बदलले की गुण बदलतो, हे तत्त्व आपल्याला नवे नाही.

तिसरा उंबरठा दाणा भरताना. पाणी व खत विपुल मिळाले की पिष्ट वाढून दाणा टपोरा होतो आणि त्यातील खनिजांचे प्रमाण विरळ होऊ शकते. उलट ताणात वाढलेला दाणा बारीक राहतो. त्यात शेकडा प्रमाण अधिक दिसले तरी एकरी मिळणारे एकूण खनिज कमी असू शकते. किनोआला फुलोऱ्यात तीव्र उष्णता सोसत नाही. म्हणून आपल्याकडे तो रब्बीत घ्यावा लागतो. पेरणी लांबली तर खानदेशचा फाल्गुन-चैत्र त्याच्या दाण्याला बाधक ठरतो.

या तिन्हींवर काल या भावाचाही प्रभाव आहे. हवेतील कर्बवायू वाढवून केलेल्या शेतप्रयोगांचे एकत्रित निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत गव्हातील जस्त ९.३ टक्क्यांनी व लोह ५.१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ज्वारीसारख्या वेगळ्या प्रकाशसंश्लेषण-पद्धतीच्या पिकांवर हा परिणाम कमी आढळला. बाजरी व राजगिरा याच पद्धतीचे. किनोआ मात्र गव्हाच्या पद्धतीचा आहे.

खानदेशची भूमी

तापीकाठची खोल काळी माती अग्निजन्य काळ्या खडकापासून बनली आहे. त्या खडकात लोह मुबलक असते. तरीही या मातीत चुनखडीचे प्रमाण अधिक आणि सामू विम्लधर्मी असल्याने लोह अविद्राव्य स्थितीत अडकून पडते. चुनखडीयुक्त जमिनीत भुईमूग वा उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात आणि शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात, तेव्हा लोहाच्या भूमीतच लोहाची उणीव प्रकट झालेली असते. मातीचा हा पांडुरोगच म्हणावयाचा. देहातही लोह असून अग्निमांद्यामुळे ते धातूंपर्यंत न पोहोचणे आपण पाहतोच. साम्य केवळ दृष्टांतापुरते घ्यावे.

किनोआ व राजगिरा यांची मुळे आम्ल स्राव सोडून लोह विरघळवितात, पण चुनखडी तो आम्ल निष्प्रभ करते. ज्वारी-बाजरीसारख्या तृणधान्यांची मुळे लोहाला बांधून आणणारे वेगळे स्राव सोडतात. त्यातही खोल काळ्या जमिनीतील ओलीवर येणारी दादर ज्वारी आणि साक्री-शिंदखेड्याच्या हलक्या, मुरमाड रानातील खरीप बाजरी यांचे देश व काल दोन्ही भिन्न. या धान्यांकडे केवळ ‘खानदेशी’ म्हणून एकत्रित पाहणे शास्त्रसंमत नाही.

धुळ्याच्या बाजरीचा धडा

भूमीइतकेच महत्त्व बीजाला आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या धुळे येथील बाजरी संशोधन केंद्रात विकसित झालेला ‘फुले महाशक्ती’ हा संकरित वाण २०१८ साली प्रसारित झाला. त्याच्या दाण्यात दर किलोस सुमारे ८७ मि.ग्रॅ. लोह व ४१ मि.ग्रॅ. जस्त नोंदले आहे; प्रचलित वाणांत लोह ४५ ते ५० मि.ग्रॅ. असते. दिवसाकाठी २०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाणाऱ्या स्त्रीला प्रचलित वाणातून ९ ते १० मि.ग्रॅ., तर या वाणातून सुमारे १७ मि.ग्रॅ. लोह मिळेल. प्रौढ स्त्रीची दैनिक शिफारस २९ मि.ग्रॅ. आहे, हे पाहता हा भेद उपेक्षणीय नाही.

हा लाभ देहात उतरतो काय? महाराष्ट्रात १२ ते १६ वर्षे वयाच्या शाळकरी मुलांवर झालेली, २०१५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी याबाबत उद्बोधक आहे. लोहसमृद्ध बाजरीची भाकरी व शेव खाणाऱ्या मुलांत चार महिन्यांत लोहाचा साठा वाढला. मात्र वाणाची क्षमता भूमीने साथ दिल्यासच पूर्ण प्रकट होते. निकृष्ट जमिनीत तोच आकडा येईल असे गृहीत धरू नये. तपासणी-अहवाल वाचतानाही सावध असावे. खळ्यावरची धूळ दाण्याला चिकटली तर लोहाचा आकडा फुगतो, पण ते मातीतील लोह देहाला फारसे लाभत नाही.

अतिमात्रेचा इशारा

देशविचार केवळ उणिवेसाठी नाही. चीनमधील केशान परगण्याच्या नावाने ओळखला जाणारा हृद्रोग मातीतील सेलेनियमच्या कमतरतेशी निगडित आहे. याच्या उलट, पंजाबच्या काही भागांत मातीत व पर्यायाने गव्हात सेलेनियम अतिरिक्त असते. जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव परिसरातील गावांमध्ये २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी अनेकांचे केस अचानक गळू लागले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या अभ्यासात बाहेरून आलेल्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे निर्देश केला असून रुग्णांत जस्ताचे प्रमाण कमी आढळल्याचेही नमूद केले आहे. अशा वेळी खालित्याची केवळ दोषप्रधान चिकित्सा करणाऱ्या वैद्याला रोगाचे मूळ हाती लागणार नाही. धान्य कोठून आले, हा एक प्रश्न विचारणाऱ्यालाच ते गवसण्याचा संभव आहे.

करणाचे महत्त्व

दाण्यात आलेले खनिज ताटापर्यंत व ताटातून देहापर्यंत पोहोचविणे हे करण व संयोगाचे कार्य. किनोआच्या सालीत सॅपोनिन हे कडू, फेसाळ द्रव्य असते. ते काढण्यासाठी दाणे घासून धुणे अपरिहार्य, परंतु अति घासल्यास सालीतील कॅल्शियमही जाते. बाजरीचे लोह मुख्यतः अंकुर व बाह्य थरांत असल्याने कोंडा चाळून टाकू नये. सर्व बियांत स्फुरदाचा साठा फायटेट या रूपाने असतो आणि तो लोह-जस्ताला बांधून ठेवतो. भिजविणे, मोड आणणे, आंबविणे यांनी हे बंधन सैल होते. भाकरीबरोबर लिंबू वा आवळा घ्यावा. जेवणालगत चहा टाळावा.

चिकित्सेत उपयोग

समजा, अमळनेर तालुक्यातील एक रुग्णा दौर्बल्य व पांडुता घेऊन आली. आहाराचा विचार करताना तिला पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. रोजचे धान्य घरच्या शेतातील, बाजारातील की स्वस्त धान्य दुकानातील?
२. घरचे असल्यास जमीन काळी, चुनखडीची की मुरमाड. पीक कोरडवाहू की बागायती?
३. बाजरीचा वाण कोणता?
४. पीठ चाळतात काय. जेवणासोबत चहा घेतात काय?
५. घरातील वा गावातील इतरांनाही हीच लक्षणे आहेत काय?

शेतकरी कुटुंब असल्यास मातीपरीक्षण करून, कृषितज्ज्ञांच्या सल्ल्याने जस्त व लोहाची उणीव भरून काढण्यास सुचवावे. महागडा किनोआ आणण्यापूर्वी घरची बाजरी, राजगिरा व चाकवत यांचा योग्य उपयोग होतो काय, ते पाहावे. परंतु आहार हा औषधाचा पर्याय नव्हे. रक्तपरीक्षण करून घ्यावे, तीव्र पांडुता व गर्भिणी यांबाबत विलंब करू नये. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल आढळतो. अशा रुग्णास तपासणीवाचून लोहकल्प सुरू करणे अनुचित होय.

सारांश

धान्याचे नाव हे त्याच्या गुणाचे पूर्ण प्रमाण नाही. बीज, भूमी, जल, ऋतू आणि संस्कार या सर्वांचा ठसा दाण्यावर उमटतो, आणि तो दाणाच पुढे रसधातूचा आधार होतो. आठ आयतनांपैकी देशाला केसपेपरवर एक ओळ दिली, तरी आपला आहारोपदेश अधिक सार्थ होईल.

स्वाध्याय

१. एकाच धान्याच्या दोन कोष्टकांत कॅल्शियमचे आकडे भिन्न येण्याची कारणे सांगा.
२. लोहयुक्त काळ्या मातीत पिकाला लोहाची उणीव का भासते?
३. आपल्या चिकित्सालयातील पाच पांडुरोगी रुग्णांच्या धान्याचे उत्पत्तिस्थान व वाण यांची नोंद करून तुलना करा.